पिपातला आवाज

आत्याबाईच्या उजव्या कानात वाक्य आधी जातं आणि मग तिच्या तोंडून बाहेर पडतं. मधे फार तर तीन-चार शब्दांचं अंतर. कानातला आवाज पुढे चाललेला असतो, तोंड मागून येत असतं, आणि ही ओढाताण तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसत नाही. विहारात समोर सतरंजीवर बसलेल्या नवख्या माणसाला वाटतं, बाई पाठ म्हणताहेत. मांडीवरचा जुना लॅपटॉप त्याच्या नंतर लक्षात येतो.

आमचं गाव चिखलीपासून चौदा किलोमीटर. जीपने पंचवीस मिनिटं, एसटीने एसटीच्या मर्जीप्रमाणे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो तो आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत. या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात वंदना झाली की धम्मग्रंथाची काही पानं मोठ्याने वाचायची, हा आमच्या वस्तीचा रिवाज. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. घरात आणि ओट्यावर ती चोख वऱ्हाडी बोलते, पण हातात पुस्तक आलं की तिची भाषा शाळेची होते, इस्त्री केल्यासारखी. म्हणून वाचनाचं काम पहिल्यापासून तिच्याकडे. पुढे काचबिंदूने तिचे डोळे हळूहळू नेले. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालण्यात दोन वर्षं गेली, आणि मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे न बघता फाईल मिटली.

त्या वर्षी वर्षावासात दुसऱ्या कुणीतरी वाचलं. आत्याबाई खांबाला टेकून ऐकत बसली, आणि वाचणारा अडखळला की तिचे ओठ हलायचे. ते मला बघवलं नाही.

माझं चिखलीत संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. जुनी मशीनं घ्यायची, पुसायची, बिघडलेला भाग बदलायचा आणि पुन्हा विकायची. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, ते नेहमीचं टाकून द्या." नेहमीचं म्हणजे ती विकतची ऑपरेटिंग सिस्टीम, जी आमच्या तालुक्यात विकत घेतलेली मी फारशी पाहिली नाही. मी म्हणायचो, चोरीचं कशाला, फुकटचं घ्या ना. माणूस संशयाने बघायचा. चोरीच्या मालावर लोकांचा भरवसा असतो, फुकटच्या मालावर नसतो. मग मी लिनक्सवर प्रवचन द्यायचो : जगभरातल्या लोकांनी मिळून केलेली सिस्टीम आहे, कुणाच्या बापाची नाही, उघडून बघता येते, आपल्याला हवी तशी बदलता येते, मशीनचा मालक खरोखर तुम्हीच राहता. दहातले दोन पटायचे. उरलेले आठ चहा पिऊन जायचे.

आत्याबाईसाठी मी जालन्याच्या एका कॉलेजने मोडीत काढलेला लॅपटॉप आणला आणि त्यात हीच सिस्टीम घातली. तिच्यात स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा एक प्रोग्रॅम होता आणि त्याला मराठी येत होतं. येत होतं म्हणजे कामापुरतं. आवाज सपाट, पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा नाही, बाईचा म्हणावा तर तसाही नाही. पहिलं वाक्य ऐकून आत्याबाई हसत सुटली.

"हा कोन बे, पिपात बसून बोलून राह्यला?"

तेव्हापासून त्याचं नाव पिपातला. ग्रंथ मी दुकानात बसून एका उन्हाळ्यात टाईप केला, रोज दोन-तीन पानं. आत्याबाईने तो ऐकायचा आणि त्याच्या मागोमाग बोलायचं. सुरुवातीला दोघांची टक्कर व्हायची. मग तिने पिपातल्याचा वेग वाढवायला लावला, पुन्हा वाढवायला लावला, आणि शेवटी तो इतका भरभर बोलायला लागला की मला एक अक्षर कळेना. तिला सगळं कळायचं. तिच्या बोटाखाली एक बटण असे. ते दाबलं की तो थांबायचा. मग ती मान वर करून विचारायची, "कळलं का?" आणि बाया सांगायच्या काय कळलं, काय नाही. सात वर्षावास असे गेले.

मधे एक सांगायला हवं. आमच्या विहाराची झाडलोट पाळीने होते. त्यासाठी हातभर लांबीची एक लाकडी पाटी आहे. पाटीवर काही लिहिलेलं नाही, वरच्या बाजूला एक भोक आहे आणि त्यात सुतळी. ज्याच्या दाराच्या खिळ्याला पाटी, त्याने तो आठवडा विहार झाडायचा, पाणी भरायचं, दिवाबत्ती बघायची. आठवडा संपला की पाटी उचलून पुढच्या दाराला लावायची. कुणी कुणाला आठवण करून देत नाही. लहानपणी ती पाटी आमच्या दाराला लागली की आई सकाळी खराटा घेऊन निघायची आणि मी मागे पाण्याची कळशी घेऊन. वडील गेले, आई माझ्याकडे चिखलीला आली आणि पुढे तीही गेली. तेव्हापासून गावातल्या घराला कुलूप आहे. कुलूपबंद घराला पाटी लागत नसणार असं मी धरून चाललो होतो. खरं तर त्याबद्दल मी कधी विचारच केला नव्हता.

आता काळजीबद्दल. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही काळजी पाच-सहा वर्षांपासून लागलेली आहे आणि ती बोलून दाखवायला चिखलीत कुणी नाही. बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "फुकटची गाय हाय, तिचे दात काय मोजता?" म्हणून मी ती काळजी एकट्यानेच वागवतो.

पूर्वी या सिस्टीमची नवी आवृत्ती आली की जुन्या मशीनमध्ये जीव यायचा. दहा वर्षांचं खोकडं नव्यासारखं पळायचं आणि माझं दुकान त्यावर चालायचं. आता नवी आवृत्ती आली की माझ्या कपाटातली पाच-सहा मशीनं बाद होतात. जुन्यांसाठी लिहीत बसायला वेळ नाही, असं ती सिस्टीम लिहिणाऱ्या लोकांचं म्हणणं. चुकीचं म्हणता येत नाही. पूर्वी हे काम रात्रंदिवस फुकट करणारी माणसं होती. ती म्हातारी झाली किंवा पोटापाण्याला लागली. आता पुष्कळसं काम मोठ्या कंपन्यांची पगारी माणसं करतात, आणि पगारी माणूस मालकाच्या मशीनला जे लागतं ते आधी करणार. चिखलीच्या मोंढ्यामागच्या दुकानातल्या मशीनला काय लागतं ते त्याला कुठून कळावं?

दुसरं म्हणजे ही सिस्टीम देखणी होत चालली आहे. मला देखण्याचा राग नाही. पण पूर्वी झाकण उघडलं की आतली सगळी चाकं दिसायची. आता झाकण कुठे आहे तेच कळत नाही, आणि सापडलं तर त्यावर लिहिलेलं असतं की काळजी करू नका, सगळं आम्ही बघू. हे वाक्य विकतच्या सिस्टीमने म्हटलं तर शोभतं. त्या लोकांच्या चर्चा इंटरनेटवर उघड चालतात, त्या मी दुपारच्या चहाबरोबर वाचतो. भांडणं अगदी आपल्या गावच्यासारखी : तू कोण सांगणारा, तुझ्या वेळेस काय केलंस, जमत नसेल तर वेगळी चूल मांड. आणि खरंच वेगळी चूल मांडतात. एका सिस्टीमच्या चाळीस सिस्टीम झाल्या, आणि चाळिसांच्या चुलीला लाकूड आणणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. मी हे सगळं वाचायचो, हळहळायचो आणि कप धुऊन ठेवायचो. एक ओळ कधी लिहिली नाही. आपल्याला कोडिंग येत नाही, हे कारण हाताशी होतंच.

गेल्या वर्षी आषाढ तोंडावर आला तेव्हा आत्याबाईच्या लॅपटॉपवर सूचना आली की या आवृत्तीची देखभाल आता थांबली आहे. मी लॅपटॉप दुकानात आणला. नवी आवृत्ती त्या मशीनला झेपेना. मग मी दुसरा, त्या मानाने नवा लॅपटॉप काढला, त्यात नवी आवृत्ती घातली, ग्रंथाची फाईल टाकली. जुन्याचा स्क्रीन एका गिऱ्हाइकाच्या मशीनला बसत होता, कीबोर्ड दुसऱ्याच्या. दोन्ही देऊन टाकले. उरलेलं भंगारात घातलं. हा माझा रोजचा धंदा आहे, त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

नव्या आवृत्तीत पिपातला नव्हता. त्याच्या जागी खऱ्या बाईच्या आवाजावरून शिकवून तयार केलेला नवा आवाज होता. मी ऐकला आणि गारच झालो. शुद्ध, मऊ, पुण्याकडच्या आकाशवाणीला शोभेल असा. स्वल्पविरामाला थांबत होता. दुःखाच्या जागी हळू होत होता. मी स्वतःशी म्हटलं, घ्या, उगाच काळजी करत होतो, गाडी तर बरोबर चालली आहे. आत्याबाई खूश होईल म्हणून मी तिला आधी काही सांगितलंच नाही. मशीनचा खरा मालक वापरणारा, असं चौदा वर्षं लोकांना सांगणारा माणूस मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आषाढी पौर्णिमेला विहार भरलेला होता. वंदना झाली. आत्याबाईने कानात इअरफोन घातला, बटण दाबलं आणि पहिल्याच वाक्याला अडखळली. तिला वाटलं आपल्याच कानाची चूक. तिने पुन्हा सुरू केलं. पण ती जिथे पुढे जायची तिथे नवा आवाज भावनेने थांबत होता, आणि ती थांबली की तो निघून जात होता. वेग वाढवला की शब्द एकमेकांत कालवले जात. पाच मिनिटांत तिच्या कपाळावर घाम आला. सात वर्षांत तिला घाम आलेला मी पाहिला नव्हता.

विहार समितीचे अध्यक्ष एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. भला माणूस, मदतीला नेहमी पुढे. त्यांना वाटलं वायर सैल झाली. त्यांनी पुढे वाकून इअरफोनची पिन काढली, फुंकर मारून पुन्हा बसवावी म्हणून. पिन निघाली आणि तो आवाज लॅपटॉपमधून मोकळा होऊन विहारभर पसरला.

लोक गप्प झाले. लहान पोरंसुद्धा गप्प झाली. पान संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"किती गोड वाचते हो ही बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मंग आता आत्याबाईले कायले तरास देता?" दुसरी म्हणाली. "बसू द्या ना त्यायले निवांत. लय वर्सं वाचलं त्यायनं."

अध्यक्षांनी पिन तशीच हातात धरली आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली, जणू मी काही मोठी कामगिरी केली होती. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला अभिमान वाटला. मग मी आत्याबाईकडे पाहिलं. ती इअरफोनची वायर बोटांभोवती गुंडाळत होती, नीट, एकावर एक वेढा. गुंडाळून झाल्यावर तिने ती पिशवीत ठेवली आणि हात मांडीवर घेतले. माझा अभिमान तिथेच विरला आणि त्या जागी जे आलं त्याला लाज म्हणतात.

कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी पुन्हा सांगतो. दुसऱ्या दिवसापासून लहान स्पीकर आला. लोक वाढले. आत्याबाई यायची, बटण दाबायची आणि खांबाला टेकून बसायची, त्याच जुन्या खांबाला. आठ-दहा दिवसांनी गुडघे दुखतात म्हणून यायची थांबली. बटण मग अध्यक्ष दाबू लागले.

मी दर रविवारी जायचो. एका रविवारी वाचन चालू असताना, नदीकाठी वांगी-मिरच्यांचा मळा करणारी एक बाई सवयीने बोलून गेली, "थांबा थांबा, परिव्राजक म्हंजे कोन हो?" आवाज थांबला नाही. तो पुढच्या वाक्यावर गेला, त्याच्या पुढच्यावर गेला. पोरं खिदळली. ती बाईपण हसली आणि पदर सारखा करून बसली. पुन्हा तिने काही विचारलं नाही.

त्या दिवशी वाचन संपल्यावर मी आत्याबाईकडे गेलो. ती ओट्यावर तुरीच्या डाळीतले खडे बोटांनी चाचपून काढत होती.

"आत्याबाई, येत काऊन नाहीस?"

"गुडघे."

"गुडघे खोटे आहेत."

तिने हातातला खडा अंगणात फेकला. "मले इचारलं व्हतं काय तू? माह्या कानातला मानूस काढून दुसरा घातला, अन् मले इचारलंसुदिक नाही."

"हा चांगला आहे, म्हणून—"

"हाव, चांगला हाय. लयच चांगला हाय. तो सोताच वाचते. माह्यासाठी जागाच नाही ठेवत. पिपातल्याले काही येत नव्हतं, बापू. राग नव्हता, माया नव्हती. ते सारं मले घालाव लागे. म्हणून तं मी वाचत व्हती."

तिने विचारलं, "जुनं मशीन कुठी हाय?"

"मोडलं."

तिचा हात डाळीत थांबला. थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला.

मग मी तिला सगळं सांगितलं, निदान आता तरी. पिपातला मेला नाही, पण नव्या आवृत्तीत त्याला बसवायला त्याच्या मराठीत काही बदल करावे लागणार होते आणि ते करायला कुणी नव्हतं. त्याची मराठी कुणीतरी एकच माणूस इतकी वर्षं फुकट सांभाळत होता. दोन वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवलं होतं की आता मला जमत नाही, कुणी पुढे येईल का. ती विनंती मी चहा पिताना वाचलेली होती. कुणी आलं नाही, म्हणून मराठी गाळली.

"म्हंजे त्याची पाळी व्हती," आत्याबाई म्हणाली.

"तसंच काहीसं."

"अन् ते पाटी दोन वर्सं त्याच्याच दाराले टांगून हाय."

"हं."

"तू किती वर्सापासून वापरून राह्यला हे फुकटचं?"

"चौदा."

"चौदा वर्सांत किती डाव पाटी घेतली?"

उत्तर तिलाही माहीत होतं. मी म्हणालो, मला कोडिंग येत नाही. ती म्हणाली, "विहार झाडाले काय कोडिंग लागते?" आणि डाळ पाखडायला सूप मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला पत्र लिहिलं, मोडक्या इंग्रजीत. चार दिवसांनी उत्तर आलं. तो पुरुष नव्हताच, कुठल्याशा थंड देशातल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं की त्यांना मराठीचा एक शब्दही येत नाही. फार वर्षांपूर्वी वाचनालयात सापडलेल्या एका जुन्या व्याकरणावरून त्यांनी उच्चारांचे नियम बसवले, कारण यादीत ती जागा रिकामी दिसत होती. ते कुणी वापरतं का हे त्यांना कधीच कळलं नाही, कारण कुणी कधी लिहिलंच नाही. माझं पत्र हे त्यांना मराठीबद्दल आलेलं पहिलं पत्र. शेवटी विचारलं होतं, तुमच्या आत्याला त्यात कोणत्या चुका सापडल्या?

हे मी आत्याबाईला वाचून दाखवलं.

"तिले मराठी येत नाही?"

"नाही."

"अन् सात वर्सं ते माह्या कानात बोलत व्हती," ती म्हणाली. मग खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "लिही. चुका सांगते."

सात वर्षांतली एकेक चूक तिला तोंडपाठ होती. पिपातला कुठे अक्षर खातो, कुठल्या पाली शब्दाला ठेच लागते, कुठे दोन शब्द एकात ओढतो. ऐकता ऐकता ती त्या मनातल्या मनात दुरुस्त करून बोलत आली होती आणि आम्हाला वाटायचं यंत्र बरोबर आहे. चार रविवार ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. ते नियम म्हणजे साधी मजकुराची फाईल निघाली, कोडिंग वगैरे फार नाही. जिथे अडलो तिथे मी त्या भांडखोर लोकांना विचारलं. आधी एकाने खडसावलं की प्रश्न विचारायची ही जागा नाही. मग त्यानेच अर्धं काम करून दिलं. हीही आपल्या गावचीच रीत. भाद्रपद संपत आला तेव्हा पिपातला नव्या लॅपटॉपात बोलला. आत्याबाईने वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि ऐकता ऐकता म्हणाली, "आता बरा बोलून राह्यला, शाळेत गेल्यावानी."

त्या संध्याकाळी ती विहारात आली. अध्यक्षांनी स्पीकर लावला होता. आत्याबाईने चाचपून लॅपटॉप मांडीवर घेतला, स्पीकरची पिन काढली आणि इअरफोनची लावली.

"आत्याबाई, ते गोडवाली लावा ना," कुणीतरी म्हणालं.

"ते उद्या लावा. आज माही पाळी हाय."

ती वाचायला लागली. लोक थोडे चुळबुळले, हे मला कबूल करायला हवं. दोन पोरी मोबाईल बघत होत्या. नव्या आवाजाची सवय लागली होती आणि तिचा आवाज आता थकलेला होता, वाक्याच्या शेवटी श्वास ऐकू यायचा. एक पान झालं. तिने बटण दाबलं, मान वर केली. "कळलं का?"

कुणी बोललं नाही. अडीच महिन्यांत ती सवय मोडली होती. आत्याबाई वाट बघत राहिली, मला वाटलं आता ती बटण दाबून पुढे जाणार. तेवढ्यात मळेवाली बाई म्हणाली, "आत्याबाई, ते मागचं एक राह्यलं हो माहं. परिव्राजक म्हंजे कोन?"

"घरदार सोडून गावोगाव हिंडनारा."

"म्हंजे ऊस तोडाले जातात ते?"

सगळे हसले, आत्याबाईसुद्धा. "नाही वं. ते पोटासाठी हिंडतात. ह्याच्या पोटात प्रश्न असते, त्याच्यापायी हिंडते."

मग बराच वेळ वाचन झालंच नाही, बोलणंच झालं. पुढे ठरलं की एक दिवस गोडवाली, एक दिवस आत्याबाई. तिला ते मान्य होतं. मला ते तितकंसं आवडलं नाही, पण मला कुणी विचारलं नाही, आणि ते योग्यच झालं.

माझी काळजी गेली असं नाही. दोन वर्षांनी आणखी नवी आवृत्ती येईल, तेव्हा पिपातल्याला पुन्हा सांभाळून आत न्यावं लागेल. ते लोक एक दिवस सांगतील की आता असल्या जुन्या आवाजांना जागाच नाही, तेव्हा काय करायचं ते मला माहीत नाही. फक्त त्या यादीत मराठीपुढे देखभाल करणाऱ्याच्या जागी आता माझं नाव आहे. पूर्वी फक्त काळजी होती, आता काळजी आणि काम दोन्ही आहे. चर्चा वाचतो, पण कप धुवायच्या आधी एखादी ओळ लिहितो.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, खीरदान झालं. मी गावातच मुक्काम केला. सकाळी आत्याबाईच्या दाराला पाटी दिसली. ती आत खराटा शोधत होती. आंधळी बाई विहार कशी झाडते, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. पायाला फरशीवरची धूळ कळते, असं ती म्हणाली.

"आठवडा झाला की पुढच्या दाराला मी लावून देईन पाटी," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी येतोच आहे."

"पुढच्या नको. त्याच्या पुढच्या. पाटी माह्या दारी दोन हप्ते राह्यते."

"दोन कसे? सगळ्यांना एकच असतो ना?"

"एक माहा," ती खराटा जमिनीवर ठोकून काड्या सारख्या करत म्हणाली, "अन् एक तुमच्या घरचा. तुही माय चिखलीले गेली तवापासून."

मी हिशेब केला नाही. करायची हिंमत झाली नाही. पाटी तिच्या खिळ्यावरून काढली, चार घरं ओलांडून आमच्या दाराशी गेलो आणि कुलपाच्या वर जो जुना खिळा होता त्याला सुतळी अडकवली. खिळा गंजलेला होता, पण धरला. मग परत येऊन आत्याबाईच्या हातातला खराटा मागितला.

तिने लगेच दिला नाही. "येते का तुले?" तिने विचारलं.

"शिकतो," मी म्हणालो, आणि कळशी भरायला गेलो.